गुळाच्या अडत्याचं इंग्रजी

९ फेब्रुवारी १९९८, सोमवार. पहाटे गारठा. दवाखान्यात दुपार झाली. यांना अल्सर सांगितला. तिखट बंद. कांदा-लसूण चटणीचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

विद्याश्रीबाई रोजनिशीत खोटं लिहीत नसत. म्हणून ‘अल्सर निघाला’ असं न लिहिता ‘सांगितला’ एवढंच लिहून त्यांनी वही मिटली.

निघाला होता कॅन्सर, पोटभर पसरलेला. गावातल्या डॉक्टरांची एक रीत होती. पेशंट खाटेवर, शिकलेला नातेवाईक पलीकडे, आणि वाईट बातमी इंग्रजीतून. पेशंट बिचारा पंखा बघत पडायचा. बाई बेळगावच्या कॉन्व्हेंटमधल्या, त्यामुळे डॉक्टरांना सोपं गेलं. ‘इनऑपरेबल’ म्हणाले, ‘इनएव्हिटेबल’ म्हणाले. मुदतही सांगितली. सोमशेखरअण्णा पंखा बघत होते.

अण्णा शाहूपुरीत गुळाचे अडते. शाळा सातवीपर्यंत, तीही मराठी. बायको दुपारी इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं सोडवायला बसली की हे गुळाचे हात धुऊन शेजारी येत आणि खोड काढत. लग्न झाल्यापासूनचा तो खेळ होता.

“अनकूथ म्हंजे?”

“रासवट, अडाणी.”

“मग शहाण्याला कूथ म्हणत असतील की.”

“शब्द आहे तसा, पण कुणी वापरत नाही.”

“आमच्या बाजारात बी तसंच हाय. नालायक ढिगानं. लायक कुठं घावतोय?”

अनकेम्प्ट म्हणजे विस्कटलेला, अनरूली म्हणजे बेलगाम, असे कितीतरी शब्द अण्णांनी असेच शोधायला लावले होते. मूळ शब्द डिक्शनरीत धूळ खात पडलेला, आणि पुढं नकार चिकटलेला तेवढा गावभर हिंडणारा. ‘इनएव्हिटेबल म्हणजे न टळणारं’ असं बाईंनी सांगितलं तेव्हा अण्णा हसून म्हणाले होते, “टळणारं बी काहीतरी असंल की गं जगात.” बाईंना ती सगळी थट्टाच वाटली. त्यातून हा माणूस इंग्रजी शिकतोय, हे त्यांच्या कधी मनातही आलं नाही.

लपवायला कारण होतं. सासऱ्यांना आपला आजार कळला त्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि अन्न सोडलं. आठवड्यात गेले. तेच पुन्हा होईल, ही बाईंना भीती. म्हणून निपाणीला मल्लव्वाअक्कांनाही कळवलं नाही. अक्का अण्णांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा त्यांनीच या भावाला कडेवर वाढवलेलं. कळलं तर उंबऱ्यातच हंबरडा फोडतील, आणि सगळं बाहेर येईल.

“अक्काला बोलावू या का?” अण्णांनी मार्चमध्ये विचारलं.

“अल्सरसाठी? उगाच म्हातारीची दगदग.”

“व्हय,” अण्णा म्हणाले. “अल्सरच तर हाय.”

शब्दकोड्याच्या वेळी ते अजून शेजारी बसत. विचारत मात्र काही नसत. अशक्तपणा असेल, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली.

एप्रिलात अण्णांनी अंथरूण धरलं. एका संध्याकाळी बाई मऊ भात भरवत होत्या. अण्णांनी चमचा हातानं बाजूला केला.

“विद्या, अल्सरचं सोंग पुरे आता.”

बाईंनी चमचा वाटीत ठेवला.

“दवाखान्यात तुमी माझ्या अंगावरनं इंग्रजीत बोलत हुतासा. मला इंग्रजी कुणी शिकवलं?”

“मग त्याच दिवशी का नाही बोललात?”

“तू एवढं जपून सांगितलंस. म्हटलं, हिला तेवढाच आधार.” ते दम खायला थांबले. “मला कळलंय म्हटल्यावर तू मोडली असतीस. पण अक्काला बघायचं हाय. आता बोलव.”

बाईंनी फोन लावला. निपाणीहून शेवटची एसटी गेलेली होती.

अक्का दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं आल्या. अण्णांचे डोळे उघडे होते, पण पहाटेपासून ते कुणालाच ओळखत नव्हते. अक्कांनी हंबरडा फोडला नाही. “तम्मा, ए तम्मा,” एवढंच म्हणत त्या उशाशी बसून राहिल्या. भावाला लहानपणी त्या याच कानडी शब्दानं हाक मारायच्या. दुपार टळली तेव्हा त्यांनी मान वर केली.

“फोन तर होता की गं तुझ्याकडं.”

बाई स्वयंपाकघरात गेल्या. अक्का कालपासून उपाशी होत्या.

१६ एप्रिल, गुरुवार. अक्का आल्या. चटणीचा डबा खाली काढला. ज्वारीचं पीठ संपलं, उद्या दळण टाकायचं.