खटका मॅडम

खटका मॅडम चालू यंत्राची वायर सरळ उपटायच्या. सांगणं नाही, विचारणं नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना. लसीच्या फ्रिजचं तापमान टिपणारे डबे आम्ही बनवायचो. नवा डबा टेबलावर आला की मॅडमचा हात खटक्यावर. चालू, बंद, चालू, बंद, दिवसभर. त्यावरूनच हे नाव पडलं.

"शहरात बसून डबे बनवता," त्या म्हणायच्या. "जरा हरसूलकडे डोंगरात जाऊन बघा, लाइट कशी जाते ती."

डब्यातल्या मेमरी कार्डावर नोंदी कोणत्या पद्धतीने लिहायच्या, म्हणजे फाइल सिस्टिम कोणती घ्यायची, यावर त्यांनी चार महिने डोकं फोडलं. शेवटी निवडली ती अशी, की मध्येच लाइट गेली तरी काही पुसलं जाऊ नये म्हणून नवी नोंद पुरती लिहून होईपर्यंत जुनीला हात लावायची नाही, आणि एकाच जागी लिहून लिहून कार्ड झिजवायची नाही. "ताजी भाकरी तव्यावरून उतरल्याशिवाय शिळी टाकायची नाही," एवढ्यात त्यांनी मला ते समजावलं होतं.

अडचण एकच होती. ते कार्ड लॅपटॉपवर थेट उघडत नसे, त्यासाठी आमचा छोटा प्रोग्राम लागे. आमच्या मालकांना एवढंही लक्षात ठेवायला नको होतं. आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांसमोर त्यांनी ऐटीत कार्ड लावलं आणि लॅपटॉपने विचारलं, फॉरमॅट करायचं का? चारचौघांत शोभा झाली. दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला, कुठेही उघडणारी जुनीच पद्धत टाका. ती मी टाकली. खटक्याच्या चाचणीत ती पहिल्याच दिवशी कोलमडलेली मी पाहिली. मॅडमनी चाचणीच्या कागदावर सही करायचं साफ नाकारलं, तेव्हा मालकांनी तो माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.

दोन महिन्यांनी हरसूलच्या पलीकडल्या एका आरोग्य उपकेंद्रातून फोन आला, तो मॅडमनी घेतला. रात्रीतून चार वेळा लाइट गेली होती आणि सकाळी कार्ड कोरं. नोंद नाही म्हणजे लस थंड राहिली याला पुरावा नाही. सगळी लस बाद.

"बाया लेकरं घेऊन डोंगर उतरून आल्यात, मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "काय सांगू त्यांना?"

"चूक आमची आहे, असं सांगा."

मालक भडकले ते लस वाया गेली म्हणून नव्हे, या एका वाक्यावर. आधी विजेवर खापर फोडलं, मग भर बैठकीत मॅडमवर. चाचणी हलगर्जीपणे केली म्हणे! मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. माझ्या सहीचा कागद माझ्याच खणात होता. मी तोंडातून ब्र काढला नाही.

मॅडमनी त्याच दिवशी राजीनामा दिला. स्कूटी काढताना मला म्हणाल्या, "मालकांना कळत नव्हतं. तुला कळत होतं."

मला तेव्हा रागच आला, तोही त्यांचाच. मी अजून तिथेच नोकरी करतो. मालकांचा संताप येतो, तो चहाच्या टपरीवर बोलून मोकळा होतो. माझा मला येतो, तो कुणासमोर काढायची सोय नाही. ज्यांच्यासमोर काढायचा, त्या माझा फोन उचलत नाहीत, आणि बरोबर करतात.