बाकावरचं नाव

आमच्या जळगावच्या कॉलनीतल्या बगिच्यात सिमेंटचा एकच बाक आहे. त्याच्या पाठीवर, 'नगरसेवकांच्या सौजन्याने' या ओळीखाली, नाव रंगवलंय. ते मी आजवर वाचलेलं नाही, कारण नगरसेवक स्वतःच रोज सकाळी नेमके त्या नावाला पाठ टेकून बसतात. मत मी त्यांनाच दिलं होतं, पण चिन्ह बघून.

फ्लेक्सवरच्या फोटोत त्यांना दाट केस आहेत, प्रत्यक्षात टोपी आहे. त्यामुळे नवा माणूस त्यांना ओळखत नाही आणि तेही ओळख देत नाहीत.

"नाव दिसलं की लोक नुसते हात जोडतात," एकदा ते मला म्हणाले. "झाकलं की खरं बोलतात."

परवा धुळ्याकडून नव्यानं राहायला आलेली एक अक्का त्यांच्या शेजारी टेकली. "भाऊ, हाऊ नगरसेवक कोठे ऱ्हास? आमनी गल्लीनी गटार तुंबेल शे. त्याले काही लाज शे का नही?"

"दिसला तर सांगतो," असं म्हणत त्यांनी गल्लीचा नंबर तळहातावर लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी गटार वाहती झाली. अक्का केळी घेऊन बगिच्यात हजर.

"पुढला टाइमले तुम्हीच उभा ऱ्हा, भाऊ. त्या नगरसेवकले पाडा. आमना घरना बठ्ठा मतं तुम्हले."

त्यांनी केळं सोलता सोलता बराच विचार केला. मग हळूच म्हणाले, "पाडू. पण माणूस तसा वाईट नही शे, अक्का."

अक्का फाटकाबाहेर जाईपर्यंत त्यांनी पाठ बाकापासून तसूभरही हलवली नाही.