ताप न येणारी साळूबाई

शेंद्र्याची साळूबाई एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करायची. तिचा हात इतका चपळ, की दोन तवे पुरायचे नाहीत. पन्नाशीला आली आणि त्या हातांनीच दगा दिला. सकाळी मूठ वळेना, पेरं सुजून लाल झाली, पातेलं उचलताना मनगटातून कळ निघू लागली.

सरकारी दवाखान्यात संधिवात निघाला. जंतूंशी लढणारी शरीराची ताकद चुकून स्वतःच्याच सांध्यांवर उलटलीय, असं डॉक्टरांनी सांगितलं. हा रोग कुणाकडून लागलेला नाही, कुणाला लागायचाही नाही. पण औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागेल. साळूबाईनं थोडे दिवस गोळ्या घेतल्या. लगेच फरक दिसेना, तशा त्या फळीवर पडून राहिल्या.

मग आठवडी बाजारात तिला पुडीवाला भेटला. "शुद्ध जडीबुटी हाय मावशी, नुकसान काहीच नाय," म्हणाला. आठवड्याच्या आत तिची मूठ वळली. तिनं हौसेनं कॅन्टीनमधल्या कडूबाईला सांगितलं. भांडी घासणाऱ्या कडूबाईचे गुडघे धरलेले असायचे. तीही पुड्या घेऊ लागली.

भादव्यात गावभर तापाची साथ आली. साळूबाईचा नवरा कारभारी आणि सून तनुजा, दोघंही अंथरुणाला खिळले. साळूबाई मात्र सगळ्यांचं करत उभी. चेहरा भरून गोल झालेला, गाल तुकतुकीत. "लई तब्येत सुधारली," बाया म्हणायच्या आणि ती खूश व्हायची.

तनुजाला मात्र तिच्या मनगटावरचा चटका खटकला. तव्याचा तो चटका जुना होता. तरी त्याला ना सूज, ना लाली, ना खपली. जखम होती तशीच ओली राहिली होती. पुढं साळूबाईला खोकला लागला. तोंड गोल, पण हातपाय काटकुळे दिसू लागले.

"आत्या, छातीचा फोटो काढून येऊ," तनुजा सासूला म्हणाली.

"ताप हाय का मला? हात लावून बघ."

तनुजानं कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. तेवढ्यावर विषय थांबला, आणि खोकला वाढत गेला. शेवटी तनुजाचा सगळा संशय पुड्यांवर गेला. एके दुपारी तिनं उरलेल्या सगळ्या मोरीत ओतून दिल्या.

दोन-तीन दिवसांत साळूबाईला उलट्या सुरू झाल्या. उठायला गेली आणि न्हाणीच्या दारातच कोसळली. तोंडून शब्द फुटेना. शेजारच्या टेम्पोत घालून तिला शहरातल्या घाटी रुग्णालयात नेलं.

डॉक्टर मृण्मयींनी तिचा गोल चेहरा पाहिला, पोटाच्या ताणल्या कातडीवरचे जांभळे पट्टे पाहिले आणि विचारलं, "कसली पुडी घेत होत्या?"

तनुजानं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी लगेच सलाईन लावायला सांगितलं. छातीचा फोटो आला, दोन्ही फुफ्फुसांत क्षय पसरला होता.

"पण तिला एक दिवस ताप नव्हता!" कारभारी म्हणाला.

"ताप शरीर स्वतः आणतं, काका. ताप, सूज, लाली म्हणजे शरीर लढत असतं. त्या पुडीत स्टेरॉईड असणार. सांध्यांची सूज त्यानंच उतरली, आणि क्षयाला अडवणारी ताकदही त्यानंच दाबून टाकली."

"मी पुड्या फेकल्या, म्हणून त्या पडल्या?" तनुजानं विचारलं.

"अचानक बंद नव्हत्या करायच्या. आपलं शरीर तसलंच द्रव्य थोडं थोडं बनवत असतं. बाहेरून मिळत गेलं की बनवणं सोडून देतं. आता तेच औषध आम्ही मोजून देऊ आणि हळूहळू कमी करू. पण पुड्या चालू राहिल्या असत्या, तर क्षय कळलाच नसता."

साळूबाई वाचली. घरातल्यांची आणि कॅन्टीनमधल्या बायांची क्षयाची तपासणी झाली. कडूबाई तेवढी आली नाही. साळूबाई तोंडाला मास्क बांधून तिच्या दारात जाऊन बसली, हात जोडले. "पोरीचं लगीन होऊ दे, मग येते," कडूबाई म्हणाली. तिचाही चेहरा गोल झाला होता. लग्न झालं. हळदीच्या हातानं भांडी घासताना तिच्या पायाला पत्रा लागला होता; पाय सुजला नाही, फारसा दुखलाही नाही. जखमेचं विष अंगभर पसरल्यावरच घरच्यांना कळलं. पौषात ती गेली.

तनुजानं तक्रार केली. चौकशीला माणसं आली, तोवर पुडीवाल्यानं बाजार बदलला होता. फर्दापूरकडं बसतो, असं कुणीतरी सांगितलं.

साळूबाईचा क्षयाचा कोर्स पुरा झाला. सांध्यांचं औषध आता ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेते. बोटं मात्र अर्धवट वाकलेलीच राहिली, पोळ्या सुटल्या.

परवा वरच्या आळीतली एक बाई गुडघे धरत तिच्या ओट्यावर येऊन बसली. साळूबाईनं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, कडूबाईचंही. बाईनं डोळ्याला पदर लावला. मग उठता उठता हळूच विचारलं,

"पर फर्दापुरात तो नेमका कुठं बसतो वो?"