न उचललेले सात फोन

अक्रोड हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. सात वर्षांचा असताना त्याने मावशीकडे एक अक्रोड फोडला, आतला गर अख्खा बाहेर काढला आणि भरल्या घरात जाहीर केलं, "हा मेंदू आहे, आणि मी याचा डॉक्टर होणार." तेव्हापासून मावशी त्याला अक्रोड म्हणू लागली आणि आई येईल-जाईल त्याला हा किस्सा ऐकवू लागली. मग दुसरं काही व्हायची त्याची काय बिशाद!

मेडिकलच्या चौथ्या वर्षी न्यूरोसर्जरीच्या मॅडमनी त्याला आपल्या संशोधनात घेतलं, तेव्हा स्वारीला आकाश ठेंगणं झालं. काम साधं होतं. डोक्याला मार लागून ऑपरेशन झालेल्या नव्वद पेशंटना सहा महिन्यांनी फोन करायचा आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. शर्टाची बटणं स्वतः लावता का? पूर्वीच्या कामावर परत गेलात का? तीन वेगवेगळ्या दिवशी फोन करूनही कुणी उचलला नाही, तर 'संपर्क नाही' लिहायचं. "असे फार झाले तर आपल्या पेपरला कुणी विचारणार नाही," एवढं मॅडमनी सांगून ठेवलं होतं. पेपरवर अक्रोडचं नाव येणार होतं. त्या नावाच्या जोरावर पुढे मॅडमच्याच हाताखाली न्यूरोसर्जरी शिकायची, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

त्र्याऐंशी जण बोलले. सात जणांनी फोन उचललाच नाही. अक्रोडने सातही फायली चाळल्या. सगळे आपल्या पायांनी घरी गेले होते, जखमा भरल्या होत्या. बरे होऊन कामाला लागले असतील, म्हणूनच फोनपाशी नसतील, असं म्हणत त्याने सातही नावांपुढे 'पूर्ण बरा' लिहून टाकलं. हुशार माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही. पेपर रवाना झाला.

तीन महिन्यांनी एका सकाळी ओपीडीत एक बाई नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली. नवरा न्हावी, यादीतला बावन्न नंबर. मॅडमच्या शेजारी अक्रोड केस लिहायला बसला होता.

"हातांचे व्यायाम शिकवायला बोलावतात ना इथे?" बाई म्हणाली. "यांच्या शेजारच्या खाटेवरच्यांना बोलावलं. मग यांना का नाही?"

कुणाला बोलवायचं ते अक्रोडच्याच तक्त्यावरून ठरत असे. मॅडमनी तो पाहिला. "हे पूर्ण बरे आहेत असं फोनवर कळलंय."

"कुणी सांगितलं? फोन यायचा तेव्हा मी कामावर आणि हे एकटे घरी. समोर वाजत असला तरी कुठलं बटण दाबायचं ते यांना समजत नाही. नुसते बघत बसतात."

अक्रोडची कानशिलं तापली. तो न उचललेला फोन हेच त्या माणसाचं उत्तर होतं, आणि मेंदू शिकायला निघालेल्याला ते कळलं नव्हतं.

"लिहिताना चूक झाली असेल," तो पुटपुटला.

"होतं असं कधी कधी, डॉक्टर," उलट बाईनेच त्याची समजूत घातली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," रूममेट म्हणाला. "त्या न्हाव्याला व्यायामाला बोलावलं ना आता? मग गप्प बस." अक्रोड दोन दिवस गप्प बसला. आणखी सहा घरांत आणखी कोण कोण वाजत्या फोनकडे बघत बसलं असेल, हे त्याच्या डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी तो मॅडमच्या खोलीत जाऊन उभा राहिला.

"ती चूक नव्हती, मॅडम. कुणाशी न बोलताच लिहिलं मी. सातही."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "पेपर मी परत मागवते. त्यावर तुझं नाव नसेल. आणि माझ्याकडे शिफारस मागायला येऊ नकोस." तो दारापर्यंत पोचल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारली. "सातही घरी स्वतः जाऊन विचारून ये."

त्याने आईला फोनवर सगळं सांगितलं. "मावशीला मी काय सांगू?" एवढंच ती म्हणाली.

न्हाव्याचं घर म्हणजे दोन जिने चढून गेल्यावर एक खोली. प्रत्येक प्रश्नाला न्हावी हसून "हो" म्हणत होता आणि मागे उभी राहून बायको नकारार्थी मान हलवत होती. बटणांचं विचारताच त्याने हौसेने एक काढून दाखवलं. ते परत काजात काही जाईना. अक्रोडचा हात पुढे झाला.

"राहू द्या," बायको म्हणाली. "त्यांचं त्यांना करू द्या."

तिघेही वाट पाहत राहिले. शेवटी न्हाव्याने बटण सोडून दिलं, आणि त्याची नजर अक्रोडच्या डोक्यावर गेली. दोन बोटांनी त्याने अक्रोडच्या मानेवरचे केस उचलून पाहिले.

"मागून फार वाढलेत. उद्या दुकानात या."

दुकान केव्हाच दुसऱ्याने घेतलं होतं.

"येतो," अक्रोड म्हणाला. मानेवर ती बोटं तशीच असताना त्याने मान खाली घातली आणि 'पूर्वीच्या कामावर परत' याच्यापुढे 'नाही' असं लिहिलं.