भीमराज मास्तरांचा तिसऱ्या वर्गाचा डबा

भीमराज मास्तरांना विंचवाची भीती वाटत नसे, सापाची बेताची वाटे आणि श्रीपतराव पाटलांची पुरेपूर वाटे. यात गैर काही नव्हतं. सापाविंचवाच्या हाती कुणाची नोकरी नसते.

सीमेवरच्या कोहिनूर गावात, मराठी शाळेत ते हस्तव्यवसायाचे मास्तर म्हणून लागले ते चौसष्ट साली. नेमणूक वर्षाची. पुढं कायम करायचं की घरी बसवायचं हे शाळा समिती ठरवणार होती आणि समिती म्हणजे श्रीपतराव. बाकीचे सभासद माना हलवायला होते. मास्तरांची आई भागाबाई याच श्रीपतरावांच्या रानात जन्मभर खुरपत आली होती. छप्पन साली घर बौद्ध झालं, देव्हारा गेला, पण पाटलांच्या दारात तिची बसायची जागा होती तिथंच राहिली. पायरीच्या खाली.

शाळेत एक खेळण्यातली आगगाडी होती. हेडमास्तर रेवणसिद्धप्पांनी ती हैदराबादेत कुणा बुडालेल्या जहागीरदाराच्या सामानातून उचलली होती. चावीचं इंजिन आणि पत्र्याचे दोन डबे. बाहेरून सोनेरी रेघा, आतून टिनपाट. गावातल्या बहुतेक पोरांनी रेल्वे पाहिलेली नव्हती, ती बघायला भालकी गाठावी लागे. म्हणून एप्रिलच्या प्रदर्शनासाठी डबे आतून सजवा, दिवे लावा, असा हुकूम झाला. पाटील स्वतः बघायला येणार आहेत, हेही हेडमास्तरांनी जाता जाता सांगितलं. 

भीतीपोटी माणूस काम चांगलं करतो. मास्तरांनी ते नको तितकं चांगलं केलं. आगपेटीच्या पट्ट्यांची बाकं, वर सामानाच्या फळ्या, फळ्यांवर चिंध्यांची गाठोडी, चपलेच्या रिव्हेटचा तांब्या. खिडक्यांना काचेच्या जागी हुमनाबादच्या टॉकीजमधली धुवून काढलेली फिल्म. छताला टॉर्चचे बल्ब, त्यांच्याखाली पतंगाचा कागद, म्हणजे उजेड मऊ पडतो. आणि माणसं मेणाची. नवे चेहरे मनानं घडवणं काही त्यांना जमेना. बोटं आपोआप गावातलीच नाकं काढू लागली. बसवली मात्र त्यांनी रेल्वेत पाहिली तशी. छप्पन साली नागपूरला जाताना त्यांनी पाहिलं होतं की तिसऱ्या वर्गात जो आधी शिरतो तो बसतो, आणि त्याच्या शेजारी जो नंतर शिरतो तो.

छप्पर बसवून पत्र्याची पाती वाकवली, बॅटरी जोडली आणि भर दुपारी वर्गाचं दार लोटून त्यांनी खिडकीला डोळा लावला. पहिल्या डब्यात, मधल्या बाकावर, गुलाबी फेटा आणि भरघोस मिशा घेऊन श्रीपतराव बसले होते. त्यांच्या मांडीला मांडी लावून, हिरव्या लुगड्यात, भागाबाई बसली होती.

मास्तर जमिनीवर बसले. घडवताना हे दोघे वेगवेगळ्या दिवशी झाले होते. दिवा लागेपर्यंत ते शेजारी आहेत हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

छप्पर पुन्हा उघडावं तर पाती उघडताना एकदा आणि मिटताना एकदा वाकली होती, तिसऱ्यांदा तुटणार. डबा शाळेचा. तेवढ्या डब्याचा दिवा काढावा तर सगळे बल्ब एकाच तारेत ओवलेले. एक गेला की सारी गाडी अंधारात, आणि दिव्यांचं तर पाटलांना आधीच सांगून झालेलं. घरी आल्यावर मास्तरांनी भाकर तशीच ठेवली. शेवटी आईला सांगितलं.

“मला उठव की तिथून,” भागाबाई म्हणाली. “खाली बसीव. सवय हाय मला.”

“न्हाई उठत आई. सरसानं चिकटलीयास.”

“ह्या वयात,” ती म्हणाली. मग थोडा विचार करून, “पाटलाला उठव मग.”

“त्यास्नी कोण उठवणार?”

गावात आजवर त्यांना कुणी उठवलं नव्हतं. 

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेचे पत्रे चुलीवरच्या तव्यासारखे तापले होते. पोरांच्या आया दारात उभ्या होत्या, त्यांत भागाबाई. पाटील आले, भरतकाम पाहिलं, खडूचा कारखाना पाहिला, आणि गाडीपाशी वाकले. मास्तरांनी बटण दाबलं तेव्हा त्यांचा अंगठा घामानं घसरला.

“ह्यो मीच जणू,” पाटील खूश होऊन म्हणाले. “मिशा बरोबर हाईत.” मग जरा आणखी वाकले. “अन् ही कोण?”

खिडकीतून पाहिलेल्या प्रत्येकानं तिला ओळखलं होतं, पण सांगायला कुणी पुढं येईना.  आपण उद्यापासून खुरपं घेऊन पाटलांच्या रानातल्या कुठल्या तासाला उभे असू, इथवर मास्तरांचा विचार जाऊन पोचला होता.

तेवढ्यात डब्यात हालचाल झाली. वर शाळेचा पत्रा, खाली डब्याचा पत्रा, मध्ये बल्ब. मेण ते कितीसं सोसणार. श्रीपतरावांची मान हळूहळू कलली आणि गुलाबी फेटा भागाबाईच्या खांद्यावर टेकला. बाकीचे उतारूही वाकले, पण त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. खरे श्रीपतराव स्वतःला झोपी जाताना बघत राहिले. हेडमास्तर उन्हाळ्याविषयी कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले.

“लांबचा पल्ला हाय,” दारातून भागाबाई म्हणाली. “पडू द्या त्यास्नी.”

मागं कुणाला तरी हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. पाटील सरळ झाले. मास्तरांनी डोळे मिटले.

“मास्तर,” पाटील म्हणाले, “मला फस्ट क्लासात बसीव. मग तुझं बघू.”

सारा मे महिना मास्तरांनी भीत भीत डालडाच्या डब्यातून पहिला वर्ग उभा केला. सायकलच्या सीटचं रेक्झिन, रेशमी पडदे, छताला पंखा, आणि एकटे श्रीपतराव, या खेपेला लाकडाचे. पाटलांनी तो ओसरीवर मागवला, दिवा लावून बराच वेळ पाहिला.

“गाडी चाललीय का थांबलीय?”

“चाललीय जी.”

“मग ह्यो बोलतो कुणाशी?”

मास्तरांनी पंख्याचा विचार केला होता, याचा केला नव्हता.  पाटलांनी डबा ठेवून घेतला आणि मास्तर कायम झाले.

तिसऱ्या वर्गातलं मेण मात्र थंड होताना एकजीव झालं होतं. दर एप्रिलला गाडी कपाटातून निघे आणि दर एप्रिलला मास्तर उपाशी राहत. पाटील येत, वाकत, आत पाहत. शेजारणीबद्दल चकार शब्द काढत नसत. “बंद कर दिवा, आत तापायलंय,” एवढंच म्हणून पुढं जात. दरम्यान रेल्वेनं तिसरा वर्ग काढून टाकला. कोहिनूरच्या कपाटात तो चालू राहिला.

भागाबाई गेली त्याच्या पुढच्या एप्रिलात पाटील काठी टेकत आले. वाकले ते वाकलेलेच राहिले. दिवा बंद करायचं म्हणेनात. मास्तर बटणावर अंगठा ठेवून हुकमाची वाट बघत होते. पत्रा तापत होता. हिरव्या लुगड्याचा खांदा किंचित खचला.

मास्तरांनी न विचारता बटण दाबलं.

“कामून?” पाटलांनी मान वर केली.

“तापायलंय,” मास्तर म्हणाले.