सारिकाचं लग्न

हे आजवर कुणाला बोललो नाही. बॅंडमधल्या मित्रांना नाही, बायकोला तर नाहीच. तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका.

आमचा बॅंड रोह्याजवळच्या वरश्यातला. मिठागरांवरची, खाडीकडची गाणी आम्ही गिटार-ढोलकीवर वाजवतो. मागच्या अल्बमला मला धवला हवा होता — लग्नात हळदीला धवलारीण गाते ते गाणं. पेणच्या खाडीकाठची हिरूमावशी अशीच धवलारीण, आईच्या ओळखीतली. तिच्यासारखा आवाज मी दुसरा ऐकला नाही.

विचारायला गेलो तर तिने एका वाक्यात निकाल लावला. "लगीन नाय तर धवला नाय." बिनलग्नाचा धवला ज्या पोरीसाठी गायला तिला बाधतो, असं ती मानते.

तेव्हाच परत फिरायला हवं होतं ना? आठ दिवसांनी पुन्हा गेलो आणि म्हणालो — मावशी, आमच्या सारिकाचं लग्न ठरलंय.

सारिका आमच्यात कोरसला गाते. तिला आणि बाकीच्यांना मी सांगितलं, मावशीला सगळं ठाऊक आहे, नुसतं वातावरण हवंय. बिचारे हौसेने कामाला लागले. अंगणात मांडव घातला, सारिकाला पाटावर बसवून हळद लावली, माइक आंब्याच्या टहाळ्यांत बांधले. कुणी काही बोलून जाऊ नये म्हणून मावशीपाशी मी एकटाच बसलो. गाण्यात घालायला तिने नवऱ्याचं नाव विचारलं. मी — काय सांगू तुम्हाला — नागोठण्याला एका दुकानाच्या पाटीवर वाचलेलं नाव ठोकून दिलं.

ती जीव ओतून गायली. शेवटी सारिकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "सुखी ऱ्हा गो बाय," आणि रडली. तेही आम्ही अल्बममध्ये ठेवलं. लोकांना तेच सगळ्यात आवडलं.

मला वाटलं, संपलं. पण मावशीच्या लेखी ते लग्न लागलं होतं. पेणच्या बाजारात भेटली की पहिला प्रश्न, सारिका कशी हाय? बरी हाय. सासू कशी? चांगली हाय. काय गोड बातमी? एकदा वैतागून सांगून टाकलं, पोरगी झाली. तिला बरं वाटावं म्हणून? छे. मला तिच्यापासून सुटका हवी होती, बस.

पुढच्या भेटीत तिने माझ्या हातात गोधडी दिली. जुन्या लुगड्याची, बाळापुरती.

सारिकाचं लग्न अजून झालेलं नाही. तीन स्थळं आली, मोडली. बाधा-बिधा मी मानत नाही. पण मावशी मानते — आणि जे तिने जन्मात केलं नसतं, ते मी तिच्याकडून करवून घेतलं. याची लाज वाटते. फार वाटते.

आता नव्या अल्बमचं काम सुरू आहे. मित्र म्हणाले, मावशीला बोलाव. ती आता गात नाही, असं मी सांगितलंय. आवाज घुमू नये म्हणून आम्ही खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगतो. एक कमी पडली, तेव्हा ती लहान गोधडी मीच माइकमागे लावली. सारिका तिच्याकडे तोंड करून गाते.

काल टाक्यांवरून हात फिरवत तिने विचारलं, किती बारीक काम आहे रे, कुणी शिवली?

मी म्हणालो, विकत आणली.