आत्याबाईंनी फक्त मला सांगितलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवाला तर मुळीच नाही — त्याला ठाऊक असेलच, उगाच तोंड कशाला वाजवा? तुम्हाला सांगते, कारण परवा सुनेनं माझ्या गुडघ्यांना तेल चोळता चोळता विचारलं, "मम्मी, उद्या काही झालं तर तुमचं काय करायचं? दवाखाना की घर?" मी म्हटलं, "हजीऱ्याच्या पोलादाच्या भट्टीत टाक, लाकडं वाचतील." ती हसली, मीही हसले. पण तेव्हापासून सासू डोळ्यांसमोरून हलत नाही.

खानदेश सोडून परमुलखात आलो होतो; नवागामच्या खोलीत तेव्हा मी चाळिशीची होते. कशी होते? एक नंबरची आगाऊ. साडीची पिन सरळ, जीभ वाकडी. नवरा आणि दीर कापडाच्या लूमवर, आणि घरात आम्ही दोघी — मी आणि सासू. आत्याबाई. भाकरीत खोट काढणार, माझ्या चालण्यात खोट काढणार. तोंडावर मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. मनात काय म्हणायचे ते सोडा.

आमच्या खानदेशात म्हातारं माणूस मरणाची गोष्ट लेकाशी काढत नाही. लेक "अभद्र बोलू नको" म्हणून उठून जातो. ती गोष्ट सुनेला सांगायची, वेणी घालून घेताना. आत्याबाईंनीही तशीच सांगितली, माझ्याकडं पाठ करून — "माले दवाखानामा नळ्या लावू नका. गावले लई चाला, भुईवर मरू द्या. तू सांगजो त्यास्ले."

गावी न्या, हे लेकांना मीच सांगायचं. मी "हो" म्हटलं. कंगवा जरा जोरातच ओढला — तेही सांगून टाकते.

मग त्या पडल्या. श्वास पुरेना. मशीनवर ठेवायचं की घरी न्यायचं, डॉक्टरनं विचारलं. वर त्याच्या भाषेत म्हणाला, "बाए कंई कहेलुं?" — काही बोलल्या होत्या का? नवरा आणि दीर, दोघंही माझ्याकडं वळले. बोलल्या असतील तर माझ्याशीच, हे त्यांना माहीत.

तुम्हाला वाटेल, मी गप्प बसले. गप्प बसले असते तरी बरं म्हणा! मी पदर डोळ्याला लावला आणि म्हटलं — "म्हणायच्या, काहीही करा, पण मला वाचवा."

का? गावी नेलं असतं तर हागणं-मुतणं कुणी काढलं असतं? मीच. पण तेवढंच नव्हतं. तेवढंच असतं तर आळशी म्हणून सुटले असते. त्यांच्या शब्दावर घर चालत आलं होतं, आणि हा एक शब्द माझ्या मुठीत होता. मला तो मोडायचा होता — मोडताना गोडही लागला.

आत्याबाई नळ्या उपसायला लागल्या, म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले. आणि मी, ही बया? बाहेर बाकावर खमण खात बसली होती. वर चटणी मागून घेतली! भेटायला आलेल्या बाया म्हणायच्या, "सून असावी तर अशी, एवढ्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं." मी मान खाली घालायचे. काय तो नम्रपणा, ओवाळून टाकावा असा.

घरात अजून बोलतात — म्हातारीचा जिवावर फार जीव होता. नवरा मरेपर्यंत तेच म्हणत गेला. नातवंडं कुणी औषधाला हात लावला की चिडवतात, "पणजीसारखं नको करू." आत्याबाई तशा नव्हत्या. हे ठाऊक असलेली मी एकटी, आणि मीही त्यांच्यात हसते.

त्या जाण्याआधी मला एकदा आत सोडलं होतं. तोंडात नळी, बोलणं बंद. डोळे मात्र लख्ख. माझ्याकडं पाहिलं — नीट पाहिलं — आणि मान जेवढी वळली तेवढी भिंतीकडं वळवली.

मी बाहेर आले. दीर धावत आला. "वहिनी, ओळखलं का आईनं?"

"ओळखलं," मी म्हटलं. "हसल्या."